अव्वाच्या डब्यांचं पाणी

माझ्या लग्नानंतर सात वर्षं माझी आई माझ्या घरी आली नाही, आणि त्याला कारण होते डालड्याचे डबे. हसू नका. सोलापूरहून कुर्डुवाडी म्हणजे पॅसेंजरने दोन-अडीच तास. सकाळी भाकरी बांधून निघालेलं माणूस दुपारी माझ्याकडे पोचून डुलकी काढू शकतं. पण अव्वाला, म्हणजे आमच्या आईला, कधीही विचारा, उत्तर ठरलेलं. "मी आले तर माज्या झाडांना पाणी कोण घालणार गं, दाक्षा?"

सोलापुरात गिरणीजवळच्या चाळीत आमच्या माहेरच्या दोन खोल्या होत्या आणि पुढे बैलगाडी जेमतेम उभी राहील एवढं अंगण. त्यालाही माती नव्हती, शहाबादी फरशी होती. म्हणून अव्वाची बाग डब्यांत. डालड्याचे डबे, गोडेतेलाचे पत्र्याचे डबे, कडी तुटलेली बादली, एक काठ फुटलेली घागर. त्यांत मोगरा, अबोली, मारवा, कढीपत्ता आणि घागरीत बेलाचं रोप. गळ्यातल्या लिंगाची पूजा अव्वा रोज करायची आणि तिला आपल्या हाताने लावलेल्या बेलाचंच पान लागायचं. सोलापूरच्या उन्हात पत्र्याचा डबा असा तापतो की हात लावला तर चटका बसावा. एक दिवस पाणी चुकलं की मोगऱ्याने मान टाकलीच. त्यामुळे अव्वाचं कारण खोटं आहे असं कुणाला म्हणता यायचं नाही.

मला मात्र त्या डब्यांचा राग यायचा. सख्ख्या लेकीपेक्षा कढीपत्ता जवळचा, असं मी तोंडावर म्हणून दाखवायची. अव्वा हसायची आणि म्हणायची, "तू मोटी झालीस. ह्यास्नी पाय हाईत का?"

शेजारच्या चांगुणाबाईंना सांग, असं मी एकदा सुचवलं. तर म्हणे, त्यांनी मागे एकदा घातलं होतं, तांब्याच उपडा केला, सगळी माती फरशीवर. शिवाय नळाला पाणी दिवसाआड, त्यांच्याच घरात हंड्याला हंडा लागतो, आपला भार त्यांच्यावर कुठे टाकायचा? प्रत्येक प्रश्नाला तिच्याकडे उत्तर तयार असायचं, आणि उत्तरात एखादं झाड असायचं.

आप्पा, म्हणजे आमचे वडील, तेवढे एकदा आले होते, गिरणीच्या कुठल्याशा कामाने. तेही दारातच टेकले. चहा टाकते म्हटलं तर म्हणाले, "आत्ताच घेतला की स्टेशनावर." पाणी आणायला वळले तर म्हणाले, "गाडी चुकंल बग," आणि उठले. मला वाटलं, यांनाही डब्यांची काळजी लागली असेल.

पंच्याहत्तरच्या उन्हाळ्यात आम्हाला रेल्वेचं क्वार्टर मिळालं. माझे यजमान सोमलिंग कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात होते. दोन खोल्या, वेगळं स्वयंपाकघर, मागे मोरी. मी डबे उतरंडीने लावले, भिंतीला चुना दिला, आणि सगळं लावून झाल्यावर दारात उभी राहून बघितलं तेव्हा मला रडू आलं. हे सगळं दाखवायचं कुणाला? सासू नव्हती. आईने माझा संसार बघितलाच नव्हता. मी तवा कुठे टांगते, देवाला जागा कुठे केली, काही तिला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी ठरवलं, या वेळी तिला घेऊनच यायचं. चार दिवस का होईना, तिने माझ्या घरात राहावं, माझ्या हातचं जेवावं. बाकी मला काही नको होतं.

मी रेल्वेचा पास काढून सोलापूर गाठलं. गिरणीत आप्पांची रजा शिल्लक होती. दोघांनीही चला म्हटलं. अव्वाने लगेच अंगणाकडे बोट दाखवलं. मी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात आप्पा म्हणाले, "थांब. मी करतो सोय. मानूस नसताना आपोआप पाणी मिळंल असं करतो."

अव्वाने त्यांच्याकडे असं बघितलं, जणू त्यांनी तिची पेटी विकायला काढली होती.

आप्पांची पहिली युक्ती देवळातली. पिंडीवर थेंब थेंब पाणी पडत राहावं म्हणून वर गळती टांगतात ना, बुडाला भोक पाडलेलं भांडं, तशी प्रत्येक डब्यावर एक गळती. कुंभाराकडून लहान मडकी आणली, खिळ्याने बुडाला भोकं पाडली, भोकात चिंधीची वात घातली आणि दोन खुंट्यांना बांबू बांधून मडकी ओळीने टांगली.

"देवाच्या डोईवरची गळती तुमी कढीपत्त्यावर टांगणार?" अव्वा म्हणाली.

"कढीपत्ता आमटीत, आमटी निवदाला. शेवटी देवालाच पोचतंय की," आप्पा म्हणाले.

पहिल्या दिवशी दुपारच्या आतच सगळी मडकी रिकामी. थेंब एकाच जागी पडून मोगऱ्याच्या बुडाशी खळगा झाला, मुळं उघडी पडली. आप्पांनी खळग्यावर खापरीचा तुकडा ठेवला आणि चिंध्या घट्ट केल्या. मग निम्मी मडकी गळायची आणि निम्मी रुसायची. त्या दिवसांत नळाला गढूळ पाणी यायचं, भोकात गाळ बसायचा. आप्पांनी पाणी धोतरात गाळून घेतलं. गाळ गेला, तर नवीनच तऱ्हा. मडकं भरलेलं असताना थेंब भराभर पडायचे आणि निम्मं झालं की पुढचा थेंब पडायलाच विसरायचा. आप्पा त्याच्यासमोर उकिडवे बसून वाट बघायचे आणि थेंब पडला की मुंडी हलवायचे. शेवटी एका दुपारी वावटळ सुटली. मडकी एकमेकांवर आपटली, दोन फुटली, एक चांगुणाबाईंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर रिकामं झालं. चांगुणाबाई चार दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत.

"ऱ्हाऊ द्या की आता," अव्वा खापऱ्या गोळा करत म्हणाली. तिचा आवाज मला जरा जास्तच मोकळा वाटला. "झालं तेवडं लई झालं."

आप्पा ऐकतात होय! संध्याकाळी अव्वा वातीच्या स्टोव्हमध्ये रॉकेल भरत होती आणि आप्पा तिच्याकडे टक लावून बघत होते. एवढं त्यांना तिच्याकडे बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग कळलं, ते स्टोव्हकडे बघत होते.

"रॉकेल खाली, जाळ वर," ते म्हणाले. "वात वडती म्हनून यतंय. मग सूत पाणी का वडणार न्हाय?"

आणि सूत म्हटल्यावर आप्पांच्या अंगात वारं शिरलं. तो त्यांचा प्रांत. आप्पा गिरणीत सायझिंगला होते. ताण्याचं सूत मागावर चढण्याआधी खळीतून काढायचं, म्हणजे त्याला कडकपणा येतो आणि विणताना ते तुटत नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यांच्या सदऱ्याला कायम खळीचा आंबूस वास यायचा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या वडलांना असाच वास येतो.

ताण्याची उरलेली टोकं कामगारांना घरी न्यायला मिळत. आप्पांनी त्यातली निवडून निवडून आणली. "असलं सूत सबंद सोलापुरात मिळायचं न्हाय," असं म्हणत त्यांनी त्याच्या बोटाएवढ्या जाड दोऱ्या वळल्या. अंगणाच्या मधोमध पाण्याने भरलेला हंडा, प्रत्येक दोरीचं एक टोक हंड्यात आणि दुसरं डब्यातल्या मातीत पुरलेलं. काम इतकं देखणं झालं की चांगुणाबाई अबोला विसरून बघायला आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हंडा काठोकाठ तसाच, आणि डबे ठणठणीत कोरडे.

आप्पांनी हंडा दगडावर चढवला. नंतर स्टुलावर. त्यांना वाटलं पीळ जास्त बसला, म्हणून दोऱ्या उकलून सैल वळल्या. मग वाटलं वाऱ्याने सुकतंय, म्हणून वर गोणपाट टाकलं. दोरी पाण्यात बुडवून बाहेर काढली तर पाणी तिच्यावरून घरंगळून जायचं आणि टोकाला एक थेंब लोंबत राहायचा. आत जायचं नावच नाही. "सूत चोक हाय," आप्पा म्हणायचे, "पाण्यातच काय तरी खोट हाय." सुताला नाव ठेवायची कल्पनाच त्यांच्या मनात येत नव्हती. आणि अव्वा रोज संध्याकाळी तांब्या घेऊन बाहेर यायची. "तवर मी घालते की," म्हणायची, आणि पदर खोचून गुणगुणत एकेका डब्याला पाणी द्यायची. मला तिचं ते गुणगुणणं बघवत नव्हतं. माझी रजा, म्हणजे माहेरपणाची रजा, संपत आली होती.

एका सकाळी मी न्हाऊन आले. केस ठिबकत होते. दांडीवर एक नवा कोरा टॉवेल होता, तो मी ओढला. अव्वा चुलीपाशी होती. तिने सवयीने मान वर केली आणि ओरडली, "त्यो कशाला घेतीस गं! नवा हाय त्यो, खळ गेली न्हाय त्याची. नुसतं पाणी फिरवंल डोईवर, टिपायचं न्हाय. चार धुण्यांतला घे की जुना!"

बोलून गेली आणि तिचा हात तोंडावर गेला.

अंगणात आप्पा दोरी हातात घेऊन बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, टॉवेलकडे बघितलं, मग दोरीकडे. "खळ!" मी किंचाळले. आप्पांनी कपाळावर अशी थाप मारली की चांगुणाबाई बाहेर आल्या. "आरं माज्या करमा," ते म्हणाले, "जल्मभर खळ चढवण्यात घालवला, आन् उतरवायची अक्कल न्हाय झाली." मग ते हसायला लागले, मी हसायला लागले, चांगुणाबाईही कशाला ते न कळता हसायला लागल्या. अव्वा तेवढी भाकरी थापत राहिली. तिची भाकरी कधी फाटायची नाही, ती त्या दिवशी फाटली.

हसता हसता माझ्या डोक्यात आलं, हिला हे ठाऊक होतं. सोलापुरातल्या कुठल्या बाईला ठाऊक नसतं? पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि ती गप्प बसली. का, ते मात्र मला कळेना.

मी लगेच मोठ्या पातेल्यात पाणी ठेवलं, धुण्याचा सोडा टाकला आणि सगळ्या दोऱ्या उकळायला घातल्या. पिवळट फेस वर आला, घरभर आप्पांच्या सदऱ्याचा वास सुटला. दोन पाण्यांतून पिळून काढल्यावर तेच सूत कापसासारखं मऊ झालं. एक टोक हंड्यात सोडलं आणि आम्ही बापलेक श्वास धरून बसलो. ओल दोरीतून हळूहळू सरकत वर आली, हंड्याच्या काठावरून उतरली आणि मोगऱ्याच्या डब्याशी जाऊन मातीत शिरली. आप्पांनी तिथली माती बोटाने दाबली आणि बोट मला दाखवलं. त्यांचे डोळे भरले होते.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्याच दिवशी अबोलीच्या डब्यात चिखल झाला, कारण तो डबा सगळ्यात खाली होता आणि त्याची दोरी सगळ्यात जाड. त्याच्याखाली विटा दिल्या, दोरीतले निम्मे पदर काढले. बेलाला पाणी बेतानेच लागतं, त्याला एवढीशी वात ठेवली. मग चिमण्या आल्या. मऊ सूत बघून त्यांना घरट्याची हौस सुटली, चोचीने उपसून नेऊ लागल्या. आप्पांनी कोपऱ्यावरच्या पपईच्या पानांचे देठ आणले, ते आतून पोकळ असतात, आणि त्या नळ्यांतून दोऱ्या ओवल्या. चिमण्या दूर राहिल्या, उन्हात दोरी सुकायचीही थांबली. हंड्यावर झाकण ठेवलं, झाकणावर दगड. मी फर्मान काढलं, आता चार दिवस कुणी डब्यांना हात लावायचा नाही. अव्वाचा तांब्यासुद्धा मी फळीवर ठेवून दिला.

चार दिवसांनी मोगऱ्याला कळ्या धरल्या होत्या. मारवा टवटवीत होता. हंड्यात अजून अर्ध्याहून जास्त पाणी होतं, म्हणजे काठोकाठ भरला तर आठवडाभर बघायला नको. मी नाचायचीच बाकी होते. "अव्वा, भर पिशवी! उद्याची दुपारची गाडी!"

"बगू की," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मला जाग आली. अंगणात कुणी तरी होतं. दाराच्या फटीतून बघितलं तर अव्वा हंड्यापाशी वाकली होती. झाकण बाजूला होतं. ती एकेक दोरी पाण्यातून उचलत होती, पिळत होती आणि काठाबाहेर सोडत होती. तिच्या त्या लाडक्या झाडांचं पाणी ती स्वतःच्या हाताने तोडत होती.

मी दार उघडून बाहेर गेले. माझा आवाज चाळभर ऐकू गेला असेल. "यायचं न्हाय तर तोंडानं सांग की! म्हण, तुज्या घरी पाय ठेवायचा न्हाय! ह्या डब्यांना कशाला आडवं घालतीस?"

अव्वा ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. आप्पा उठून बाहेर आले आणि उंबऱ्यावर बसले.

"आता सांग तिला," ते म्हणाले. "न्हायतर मी सांगतो."

"नगा," अव्वा म्हणाली.

"हिच्या आईकडची रीत हाय," आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले. "लेकीला पोर हुईस्तवर लेकीच्या घरचं अन्न खायाचं न्हाय, पाणी प्यायाचं न्हाय. हिच्या आईनं पाळली, आज्जीनं पाळली. आता तुला कसं सांगणार? म्हनून झाडं म्होरं केली. तुज्याकडं आलतो तवा मी तसाच उटलो, ते बी हिच्या शपतीपायी. म्हटलं, एकदाचं झाडांचं निमित्त तरी सरू दे. मग बगू ही काय करती."

सात वर्षं. लग्न होऊन सात वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. कुर्डुवाडीत डॉक्टर झाले, पंढरपुरात वैद्य झाले. बारशाला बोलावणं आलं की मी डोकं दुखतं म्हणून घरी राहायची. सगळं जग मला त्यावरून काही ना काही बोललं होतं. अव्वा कधी एक शब्द बोलली नाही. ती फक्त कढीपत्त्याला पाणी कोण घालणार म्हणायची. मी तिला वाटेल ते बोलले, झाडावरून तोडून बोलले, आणि तिने ते सगळं ऐकून घेतलं, पण खरं कारण माझ्या कानावर पडू दिलं नाही.

"रीत मोडली तर काय होतंय?" मी विचारलं.

"माजं काय व्हायचंय गं," अव्वा म्हणाली. "मी पाणी प्याले आन् तुजी कूस न्हाय उजवली तर? मग मी कुटं तोंड दावू? तुज्यासाटीच तान सोसायलेय न्हवं मी."

यावर भांडायचं कसं? मी भिंतीला टेकून रडले. अव्वाही रडली. पण 'येते' असं काही ती म्हणाली नाही. दुपारच्या गाडीला मी एकटीच निघाले. निघताना तिच्या पाया पडले आणि म्हटलं, "अव्वा, तुज्या घरचं पाणी संगं घेऊन ये. भाकऱ्या घेऊन ये. माज्या घरातलं कशाला शिवू नको. पण ये. माजं घर तरी बघ."

आठ-दहा दिवसांनी गिरणीतल्या एका ओळखीच्या माणसाकडून निरोप आला, रविवारी दुपारच्या गाडीने येतो. मी सगळं घर दोनदा सारवल्यासारखं पुसून काढलं. आमचे हे स्टेशनवर गेले. मी दारात उभी राहिले.

लांबून तिघं येताना दिसली. आप्पांच्या हातात पिशवी होती, ह्यांच्या हातात भाकऱ्यांचं गाठोडं, आणि अव्वाच्या कडेवर पितळी कळशी, तोंडाला फडकं बांधलेली. सोलापूरचं पाणी. ह्यांनी मागितली असणार, पण तिने दिली नव्हती. उन्हाने तिचं तोंड लाल झालं होतं. कळशीच्या वजनाने ती एका बाजूला कलून चालत होती. मीच म्हटलं होतं आण म्हणून.

ती पायरीशी येऊन थांबली. उन्हातून आलेल्या माणसाला आधी पायांवर पाणी, मग प्यायला पाणी आणि गूळ, हे काय मला शिकवायला हवं होतं? दारी आलेल्या भांडीवालीलासुद्धा मी तांब्या पुढे करते. पण त्या दिवशी आपल्याच घराच्या दारात, आपल्याच आईपुढे मी रिकाम्या हातांनी उभी होते. हात कुठे ठेवावे तेही मला कळत नव्हतं.

शेजारच्या क्वार्टरमधल्या केसरबाई पाहुणे बघायला बाहेर आल्या होत्या. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! "अगं दाक्षायणी, बगत काय उबी राहिलीस?" त्या म्हणाल्या. "आई आली की तुजी. पाणी दे की."

मी हललेच नाही. आप्पा खाली बघत होते. हे माझ्याकडे बघत होते. अव्वाने माझ्या हातांकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे.

मग तिने कळशी कडेवरून उतरवली, फडकं सोडलं, आणि ते सोलापूरहून सांभाळत आणलेलं पाणी आपल्या पायांवर ओतलं. एक पाय धुतला, दुसरा धुतला. कळशीत अजून होतं, तेही ओतलं. ती उलटी करून शेवटचा थेंबसुद्धा पायावर झाडला. पाणी पायरीवरून ओघळत रस्त्यावर गेलं.

"आता तुज्या घरचं पाणी आण," ती म्हणाली. "लई तान लागलीया."

"अव्वा, नको," मी म्हटलं. मीच म्हटलं. कारण ती काय सोडून देत होती ते त्या क्षणी मला कळलं. सात वर्षं तिने माझ्या मुलाची वाट तहानेने बघितली होती, आणि ती वाट बघणं ती त्या पायरीवर ओतून मोकळी झाली होती.

"नातवंड यील न्हायतर न्हाय यील," ती म्हणाली. "मला लेक हाय की. आण जा."

मी आत गेले. तांब्या भरताना निम्मं पाणी जमिनीवर सांडलं. आमच्या क्वार्टरांच्या लाइनीतलं पाणी मचूळ होतं, नवीन माणूस पहिल्या घोटाला तोंड वाकडं करायचं. अव्वाने तांब्या दोन्ही हातांनी धरला, वर केला आणि मध्ये एकदाही न थांबता रिकामा केला. पाणी तिच्या हनुवटीवरून गळ्यातल्या लिंगाच्या करडकीवर, त्या चांदीच्या डबीवर, ठिबकत होतं. तांब्या खाली ठेवून तिने पदराने तोंड पुसलं.

"ग्वाड हाय की पाणी," ती म्हणाली. मग आप्पांकडे वळून, "तुमी बी घ्या. शपत सोडली मी."

ती आठ दिवस राहिली. तवा कुठे टांगायचा यावरून माझ्याशी भांडली, देवाची जागा बदलायला लावली, माझ्या आमटीत मीठ कमी म्हणाली. सोलापूरला परत गेली तेव्हा डब्यांतली एक अबोली तेवढी गेली होती, बाकी सगळं आपल्या आपण पाणी पिऊन उभं होतं.

मूल आम्हाला पुढेही झालं नाही. अव्वा मात्र जगली तोवर दर उन्हाळ्यात आली. स्टेशनवरून यायची ती हात हलवत, रिकामी, आणि लाइनीच्या तोंडाशी आली की तिथूनच सगळ्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला पाणी मागायची.